वकीलपत्रावरची सही

१५ ऑगस्टला, अरविंदांच्या जन्मदिवशी, दांडिया बाजारात अरविंद निवासाबाहेर चपलांचा ढीग पडतो. बंगाली, गुजराती, आम्ही बडोद्याचे मराठी, सगळे एका रांगेत. घर मुळात खासेराव जाधवांचं. अरविंद घोष १८९३ ते १९०६ बडोद्यात नोकरीला होते, त्यातला बराच काळ ते इथे राहिले. आमच्या गावात त्यांची गोष्ट सांगणाऱ्यांचा एक ठरलेला मार्ग आहे. विलायतेहून आले, सयाजीरावांच्या नोकरीत लागले, कॉलेजात इंग्रजी शिकवलं, विष्णु भास्कर लेल्यांनी ध्यानाला बसवलं, अलीपूरच्या तुरुंगात वासुदेव दिसला, मग पाँडिचेरी. अलीपूर या मार्गावर लहानशा स्टेशनासारखं येतं. गाडी थांबते न थांबते तोच सुटते.

मला मात्र तिथेच उतरावंसं वाटतं. कारण त्या वर्षभरात अरविंद ना ऋषी होते ना प्रोफेसर. आमच्या गुजरातेत म्हणतात तसे ते ‘कच्च्या कामाचे कैदी’ होते. आरोप ठेवलेला, गुन्हा शाबीत नाही, आणि तरी आत.

२ मे १९०८ ला पहाटे पोलीस त्यांच्या कलकत्त्याच्या घरात शिरले. हातात बेड्या, कमरेला दोर. तीन दिवसांनी अलीपूर. कोठडी नऊ फूट लांब, पाच-सहा फूट रुंद, खिडकी नाही, समोर गज. मिळालेली भांडी म्हणजे एक थाळी आणि एक वाटी. शौचाला तीच वाटी, आंघोळीला तीच, आमटी तिच्यातच आणि प्यायचं पाणीही तिच्यातच. सुटल्यावर त्यांनी बंगालीत हे सगळं लिहिलं, आणि त्या वाटीला थेट ब्रिटिश सिव्हिलियनची, म्हणजे सनदी अधिकाऱ्याची, उपमा दिली: तोही एकटाच न्यायाधीश, मॅजिस्ट्रेट, पोलीस, महसूल अधिकारी सगळं असतो, जात जात नाही. आयसीएसची लेखी परीक्षा पास होऊन घोडेस्वारीच्या चाचणीला मुद्दाम न गेलेल्या माणसाने हे लिहावं याची मला नेहमी गंमत वाटते. पण गंमत नंतरची. कोठडीतल्या पहिल्या काही दिवसांत आपलं डोकं ठिकाणावर राहील की नाही अशी भीती त्यांना वाटली होती, हेही त्यांनीच लिहून ठेवलंय. ते मात्र १५ ऑगस्टला कोणी वाचून दाखवत नाही.

आरोप राजाविरुद्ध युद्ध पुकारल्याचा, बॉम्ब बनवणाऱ्या क्रांतिकारकांच्या कटात. सेशन्स कोर्टात १२६ दिवस काम चाललं, २०६ साक्षीदार झाले, कागदपत्रं चार हजारांच्या घरात. समोर न्यायाधीश बीचक्रॉफ्ट, आयसीएसच्या परीक्षेत ग्रीकमध्ये अरविंदांच्या मागे राहिलेले. आधी नेमलेल्या वकिलांच्या फीपायी जमवलेला पैसा संपत आला. बहीण सरोजिनी, तिने लोकांकडे मदतीसाठी हात पसरला. अशा वेळी बॅरिस्टर चित्तरंजन दास उभे राहिले. हातातली बाकीची कामं बाजूला सारून ते महिनोन्‌महिने याच खटल्यात बुडून गेले. ६ मे १९०९ ला अरविंद निर्दोष सुटले. बाकीच्यांपैकी कित्येकांना शिक्षा झाल्या. अरविंदांचे धाकटे बंधू बारींद्र यांना तर फाशी, ती पुढे काळ्या पाण्यावर आली.

आता मला जे खटकतं ते सांगते. या खटल्याने दासांचं नाव झालं. बॉम्बवाल्यांची बाजू घेतली म्हणून त्यांना कोणी सहआरोपी केलं नाही. ते तुरुंगात गेले ते १९२१ मध्ये, असहकाराच्या चळवळीत, स्वतःच्या राजकारणापायी. म्हणजे इंग्रज न्यायी होते असं माझं म्हणणं मुळीच नाही. याच सरकारने १९०८ च्या डिसेंबरात १८१८ चा जुना रेग्युलेशन बाहेर काढून बंगालमधल्या नऊ जणांना खटल्याविनाच हद्दपार केलं, त्यात अरविंदांच्या मावशीचे यजमान कृष्णकुमार मित्रही होते. तरीसुद्धा आरोपी वेगळा आणि त्याचा वकील वेगळा, एवढी एक रेघ त्या खटल्यात पुसली गेली नव्हती.

माझा भाचा वकील आहे म्हणून हे सगळं माझ्या डोक्यात फिरत असतं, हे उघड आहे. ताईचा मुलगा. शाळा रावपुऱ्यातली, कायद्याचं शिक्षण इथल्याच महाराजा सयाजीराव विद्यापीठात. आमच्या लहानपणी कोर्ट म्हणजे सुरसागराजवळचं न्यायमंदिर. १८९६ ची ती देखणी इमारत, आत चिमणाबाईंचा पुतळा. काही वर्षांपूर्वी कोर्ट तिथून दिवाळीपुऱ्याला नव्या इमारतीत गेलं. लिफ्ट आली, पार्किंग आलं, तारखा मात्र सोबतच आल्या. भाचा विधी सेवेच्या यादीवर आहे, म्हणजे ज्यांना वकील परवडत नाही त्यांची कामं त्याच्याकडे येतात. त्यासाठी सेंट्रल जेलला फेऱ्या. सयाजी हॉस्पिटलच्या समोरच्या त्या लांबलचक भिंतीकडे बडोद्यातला माणूस रोज जाता-येता बघतो आणि बघतही नाही.

भिंतीच्या आतला हिशेब देशभराचा सांगायचा तर असा: ३१ डिसेंबर २०२२ ला भारतातल्या तुरुंगांत ५,७३,२२० माणसं होती आणि त्यांतली ४,३४,३०२ कच्ची. शंभरातली जवळजवळ ७६. शिक्षा भोगण्यासाठी बांधलेल्या जागेत शिक्षा झालेली माणसंच अल्पसंख्य.

यातलं एक प्रकरण माझ्या जेवणाच्या टेबलावर आलं, म्हणून तपशिलात ठाऊक आहे. नंदुरबार जिल्ह्यातल्या अक्राणीकडचा एक पोरगा इथे बांधकामावर मजूर म्हणून आला होता. साइटवरून केबल चोरीला गेली, त्यात त्याला धरला. जामीन मंजूर झाला. होय, मंजूर झाला. आणि मंजूर झाल्यावरही तो महिनोन्‌महिने आतच राहिला, कारण पंधरा हजारांचा जामीनदार हवा होता. बाप गावाकडून आला, नंदुरबारहून सुरत, सुरतहून बडोदा. डोक्याला टॉवेल, हातात कापडी पिशवी, पिशवीत प्लॅस्टिकच्या कागदात गुंडाळलेला चुलतभावाचा सातबारा. चुलतभाऊही सोबत, जामीन राहायला तयार. कचेरीतल्या माणसाने कागद उलटून पाहिला आणि परत दिला. “आ तो महाराष्ट्रनुं छे. अहींनो जामीनदार लावो.”

भाच्याने तो सातबारा माझ्यापुढे टाकला. “मावशी, याचं गुजराती करून दे. कागद कळला नाही अशी सबब तरी नको राहायला.” मी आयुष्यभर शाळेत दोन्ही भाषा शिकवल्या, तेव्हा हे काम घरबसल्या माझ्याकडे येतं. करायला बसले आणि हसू आलं. गुजरातेतही त्याला सात-बारच म्हणतात. खाते क्रमांक, क्षेत्र, आकार, पीकपाहणी, सगळं एकाच जुन्या मुंबई इलाख्याच्या साच्यातलं. ४० आर जिरायत, नागली आणि भगर, ‘इतर हक्क’च्या रकान्यात सोसायटीचं कर्ज. कळत नव्हतं असं त्या कागदात काहीच नव्हतं. अडचण होती ती फक्त राज्याच्या सीमेची.

गंमत अशी, की हा प्रश्न सुप्रीम कोर्टाने कधीच निकाली काढलाय. मध्य प्रदेशातला मोतीराम नावाचा एक गवंडी. त्याला वरच्या कोर्टाने जामीन दिला, खालच्या मॅजिस्ट्रेटने दहा हजारांचा जामीनदार मागितला आणि सख्ख्या भावाचा जामीन नाकारला, का तर भाऊ आणि भावाची मालमत्ता दुसऱ्या जिल्ह्यात. १९७८ मध्ये न्यायमूर्ती कृष्ण अय्यर यांनी यावर जे झोडपलंय ते मुळातून वाचण्यासारखं आहे. दक्षिणेतला माणूस बस्तरमध्ये नाहीतर चांदणी चौकात पकडला गेला तर त्याने तिथे जमीनजुमला असलेला जामीनदार आणायचा कुठून, असा त्यांचा सरळ सवाल. मोतीरामला हजाराच्या स्वतःच्या जातमुचलक्यावर सोडलं. आणि ३१ जानेवारी २०२३ ला त्याच सुप्रीम कोर्टाला पुन्हा सांगावं लागलं, की स्थानिक जामीनदाराचा हट्ट नको, आणि जामीन होऊनही महिन्याभरात कोणी सुटला नाही तर कोर्टाने आपणहून अटी सैल करण्याचा विचार करावा. पंचेचाळीस वर्षांत गवंड्याच्या जागी केबलवाला आला, एवढाच बदल.

भाच्याने दोन्ही निकाल अर्जाला जोडले, न्यायाधीशांनी चुलतभावाचा जामीन घेतला. आदेश तुरुंगाच्या दारात पोचेपर्यंत कैदी मोजून आत गेले होते, म्हणून आणखी एक रात्र. एक रात्र म्हणजे काहीच नाही. गुजरातेतल्याच एका तुरुंगात एका कैद्याची सुटका जवळजवळ तीन वर्षं रखडली होती. हायकोर्टाने २०२० मध्ये त्याची शिक्षा स्थगित करून सोडायला सांगितलं होतं, पण ईमेलला जोडलेला आदेश तुरुंगातल्यांना उघडता आला नाही. २०२३ मध्ये हायकोर्टाने त्याला एक लाख रुपये भरपाई द्यायला लावली. मी हे पहिल्यांदा वाचलं तेव्हा माझा विश्वास बसला नाही. भाच्याचा लगेच बसला.

कोंडून ठेवण्याचा आणखी एक उपयोग असतो, आणि तो बडोद्याला दीडशे वर्षांपासून माहीत आहे. मल्हारराव गायकवाडांनी रेसिडेंट, म्हणजे दरबारातला इंग्रजांचा प्रतिनिधी, कर्नल फेअरच्या सरबतात विष घातल्याचा आरोप आला, नोव्हेंबर १८७४ मध्ये. जानेवारीत इंग्रजांनी महाराजांना आधी अटक केली आणि चौकशी फेब्रुवारीत सुरू केली. महाराजांचा खाजगी कारभारी दामोदरपंत, तो आधी लष्कराच्या पहाऱ्यात होता. काही दिवस कोंडून ठेवल्यावर त्याने सगळं कबूल केलं, माफीचं आश्वासन घेऊन, आणि त्याचीच साक्ष महाराजांच्या गळ्याशी आली. बचावाला लंडनहून सार्जंट बॅलंटाइन नावाचा नामांकित वकील आणला होता. त्याने नेमकं याच जागी बोट ठेवलं: पोलिसांच्या ताब्यात असलेल्या माणसांच्या तोंडून आलेल्या या कहाण्यांवर भरवसा ठेवायचा तो कसा? चौकशी मंडळात सहा जण. तिघा इंग्रजांना महाराज दोषी वाटले. जयाजीराव शिंदे, जयपूरचे रामसिंह आणि सर दिनकरराव या तिघांना वाटले नाहीत. बरोबरी झाली, तरी एप्रिलमध्ये मल्हाररावांना गादीवरून काढलं. कारण दाखवलं गैरकारभाराचं. मल्हारराव काही सज्जन राज्यकर्ते नव्हते, आमच्या घरातल्या जुन्या माणसांचंही मत त्यांच्याबद्दल वाईटच होतं. पण त्या पदच्युतीतून कवळाण्याचा गोपाळ सयाजीराव होऊन आला आणि बडोद्याचं सोनं झालं, म्हणून आम्ही त्या चौकशीकडे वळून बघत नाही. निकाल सोयीचा लागला की रीत कोण तपासतो?

याच सयाजीरावांच्या शिष्यवृत्तीवर शिकलेला एक तरुण १९१७ च्या सप्टेंबरात करारापोटी बडोद्याच्या नोकरीत आला. गावात त्याला खोली मिळाली नाही. पारशी धर्मशाळेत नाव बदलून राहिला, तिथूनही लाठ्याकाठ्या घेऊन आलेल्यांनी बाहेर काढलं. कामाठी बागेत ज्या झाडाखाली तो बसला ती जागा आता संकल्पभूमी आहे. ती कथा सर्वांना ठाऊक आहे, पुढचा धागा तेवढा माहीत नसतो. १५ सप्टेंबर १९४९ ला घटना समितीत बाबासाहेबांनी एक नवं कलम मांडलं. आधीच्या कलमाने सरकारला कायद्याच्या नावाखाली कोणालाही आत टाकायची मोकळीक राहते, यावर आपण स्वतःही असमाधानी आहोत असं त्यांनी सभागृहात उघड सांगितलं, आणि त्यावर उतारा म्हणून हे कलम आणलं. आज ते २२ वं कलम. पकडलेल्याला कारण सांगा, २४ तासांत मॅजिस्ट्रेटपुढे उभं करा, आणि त्याला स्वतःच्या पसंतीच्या वकिलाचा सल्ला घेऊ द्या, त्याच्याकडून बचाव करू द्या. त्याच कलमाच्या पोटात खटल्याविना स्थानबद्धतेचीही सोय ठेवली गेली, हा आपला इतिहास. पण ‘पसंतीचा वकील’ हे बाबासाहेबांनी मिळवून दिलेलं आहे. ते स्वतः वकील होते. १९२६ मध्ये पुण्याच्या ‘देशाचे दुश्मन’ खटल्यात जेधे-जवळकरांची बाजू त्यांनीच लढवली होती. अशिलाची बदनामी वकिलाला कशी चिकटते, हे त्यांना कोणी शिकवायची गरज नव्हती.

तर, पसंतीचा वकीलच आत असेल तर?

नागपूरचे सुरेंद्र गडलिंग. दलित-आदिवासींची, माओवादी म्हणून पकडलेल्यांची कामं वर्षानुवर्षं लढवणारा वकील. प्राध्यापक साईबाबा, चाकाच्या खुर्चीतले, नव्वद टक्के अपंग, त्यांचा गडचिरोलीतला खटला गडलिंगांनी चालवला. मार्च २०१७ मध्ये साईबाबांना जन्मठेप झाली. ६ जून २०१८ ला गडलिंग स्वतः अटकेत गेले, भीमा-कोरेगाव प्रकरणात, यूएपीएखाली, म्हणजे बेकायदा कारवाया रोखण्याच्या कायद्याखाली. ५ मार्च २०२४ ला नागपूर खंडपीठाने साईबाबांना निर्दोष सोडलं. त्या दिवशी अशील बाहेर आणि वकील आत, आणि वकिलाच्या खटल्यात तर अजून आरोपही निश्चित झालेले नव्हते. आई गेली तेव्हा त्यांना जाता आलं नाही, वर्षश्राद्धाला हायकोर्टाने थोड्या दिवसांचा जामीन दिला. गडचिरोलीतल्या सुरजागडच्या जाळपोळीचं दुसरं प्रकरण, त्यातला जामीन सुप्रीम कोर्टात. ऑगस्ट २०२५ मध्ये त्यांचे वकील आनंद ग्रोव्हर यांनी सरन्यायाधीश गवईंना सांगितलं, की सुनावणी अकरा वेळा पुढे गेलीय.

आरोप गंभीर आहेत, माओवाद्यांशी संगनमताचे. ते खरे की खोटे हे ठरवायला खटला उभा राहावा लागतो, आणि तोच राहत नाही. यूएपीएत तपास यंत्रणेला आरोपपत्रासाठी १८० दिवसांपर्यंत मुदत मिळू शकते, आणि त्या कायद्याच्या ४३ ड कलमाप्रमाणे पोलिसांच्या कागदांवरून आरोप वरवर खरा वाटला तरी जामीन नाही. तिथे बचावाचा कागद न्यायाधीशाने बघायचा तो नंतर, खटल्यात. आणि खटला? तो पुढच्या तारखेला.

सुधा भारद्वाजांचंही तेच. छत्तीसगडमधल्या कामगारांच्या आणि जमीन गेलेल्यांच्या वकील. ऑगस्ट २०१८ मध्ये नजरकैद, मग तुरुंग, आणि डिसेंबर २०२१ मध्ये जामीन. तोसुद्धा आरोपांच्या गुणदोषावर नव्हे. आरोपपत्राची मुदत वाढवून देणाऱ्या कोर्टाला तसा अधिकारच नव्हता, या मुद्द्यावर. सुटकेची अट अशी की मुंबई सोडायची नाही. म्हणजे वकील बाहेर आली, पण तिचे पक्षकार हजार किलोमीटरवर छत्तीसगडातच.

हे मला भाच्यामुळे कळलं, पुस्तकातून कळलं नसतं. एकदा त्याला डेंग्यू झाला होता, तो पंधरवडाभर अंथरुणाला खिळला. त्या काळात आमच्या लँडलाइनवर त्याच्या पक्षकारांच्या घरच्यांचे फोन. कोणाचा जामीन अर्ज बोर्डावर आला आणि वकील हजर नाही म्हणून पुढे गेला. कोणाला जापता, म्हणजे सोबतीला पोलीस, मिळाला नाही म्हणून कोर्टात आणलंच नाही आणि ते नोंदवायलाही कोणी नव्हतं. एका बाईचा प्रश्न एवढाच होता, की मुलाची फाइल कोणाकडे आहे. हा साधा ताप. वकिलाला वर्षानुवर्षं आत ठेवलं की त्या सगळ्या फायली त्याच्याबरोबर आत जातात. एका अटकेत पन्नास जणांचा जामीन अडतो, आणि त्या पन्नासांवर कुठलाही नवा गुन्हा नोंदवावा लागत नाही. शिवाय बारमधले बाकीचे वकील बघत असतात. पुढच्या वेळी तसलं वकीलपत्र समोर आलं की पेन खिशातून निघायला वेळ लागतो.

हे आपल्याकडेच घडतं असं नाही. इजिप्तमध्ये २०१९ च्या सप्टेंबरात मोहम्मद अल-बाकर हा वकील आपल्या अशिलाच्या, अला अब्देल फत्ताह या कार्यकर्त्याच्या, चौकशीला हजर राहण्यासाठी सरकारी वकिलाच्या कचेरीत गेला. त्याला तिथेच अटक झाली, अशिलाच्याच प्रकरणात. तिथे तेव्हा खटल्याआधीच्या कोठडीला दोन वर्षांची मर्यादा होती, म्हणून मुदत भरत आली की नवं प्रकरण काढायचं आणि घड्याळ पुन्हा शून्यावर न्यायचं. बाकरला शिक्षा झाली, माफी मिळाली ती २०२३ मध्ये. चीनमध्ये ९ जुलै २०१५ पासून मानवी हक्कांचे वकील घाऊक उचलले गेले. वांग छुआनचांग यांचा खटला सुरू व्हायलाच तीन वर्षांहून जास्त लागली, तोवर त्यांच्या पसंतीच्या वकिलाला भेटू दिलं नाही. तुर्कस्तानात एब्रू तिम्तिक या वकील बाईंनी निष्पक्ष खटल्याच्या मागणीसाठी २३८ दिवस उपोषण केलं आणि ऑगस्ट २०२० मध्ये त्या गेल्या. मागणी सुटकेची नव्हती, नीट चालवलेल्या खटल्याची होती.

१९९० साली हवानामध्ये संयुक्त राष्ट्रांनी वकिलांबद्दलची तत्त्वं मान्य केली. त्यातलं अठरावं सांगतं, की वकिलाला त्याच्या अशिलाशी किंवा अशिलाच्या भूमिकेशी एकरूप धरू नये. इतकी उघड गोष्ट कागदावर आणायला जगाला १९९० उजाडावं लागलं.

आणि मारहाण? मराठी बऱ्यापैकी बोलली जाते त्या मध्य प्रदेशातल्या बैतूलमध्ये २३ मार्च २०२० ला एक वकील दवाखान्यात निघाला होता, पोलिसांनी रस्त्यात बडवला. त्याने तक्रार केली. ती मागे घ्यावी म्हणून त्याची समजूत काढायला आलेल्या पोलिसांनी जो खुलासा केला तो असा: दाढी होती ना तुम्हाला, आम्हाला वाटलं तुम्ही मुसलमान. वकिलाला मारल्याबद्दल दिलगिरी, आणि त्या दिलगिरीच्या पोटात आणखी काय काय. मुंबईचे शाहिद आझमी आधी टाडाचे, म्हणजे जुन्या दहशतवादविरोधी कायद्याचे, कैदी, तिहारमध्ये शिकले, वकील झाले आणि दहशतवादाच्या खटल्यांतल्या आरोपींची कामं घेऊ लागले. फेब्रुवारी २०१० मध्ये कुर्ल्याच्या ऑफिसात त्यांना गोळ्या घातल्या, वय बत्तीस. २६/११ च्या खटल्यात ते ज्याच्यासाठी लढत होते तो फहीम अन्सारी तीनच महिन्यांनी निर्दोष ठरला, आणि सुप्रीम कोर्टातही ते टिकलं.

बार असोसिएशन्सबद्दल मला प्रेम वाटावं असं फार थोडं आहे. अमुक आरोपीचं वकीलपत्र कोणी घेऊ नये असे ठराव जिल्ह्याजिल्ह्यांत होतात. २०१० मध्ये सुप्रीम कोर्टाने असे ठराव बेकायदा ठरवले तरी होतात. पण जून २०२५ मध्ये अरविंद दातार यांच्यासारख्या ज्येष्ठ वकिलाला एका कंपनीला दिलेल्या कायदेशीर सल्ल्याबद्दल ईडीने समन्स काढलं, तेव्हा देशभरचे बार एका सुरात उठले, समन्स मागे घेतलं गेलं, आणि ३१ ऑक्टोबरला सुप्रीम कोर्टाने निकाल दिला, की अशिलाच्या कामाबद्दल वकिलाला असं सरसकट बोलावता येणार नाही. निकाल चांगलाच आहे. फक्त हा आवाज गडलिंगांसाठी निघायला हवा होता, असं मनात आल्याशिवाय राहत नाही. कंपनीचा वकील आपल्यातला वाटतो. आदिवासीचा वकील आदिवासीतलाच वाटतो.

आमच्या भाऊजींचं, म्हणजे भाच्याच्या वडिलांचं, म्हणणं ठरलेलं. “काहीतरी केलं असेल म्हणूनच धरतात ना? मला कसं कोणी धरत नाही?” भाऊजी बँकेतून निवृत्त, माणूस सरळ, स्वभावाने मऊ. त्यांच्याशी वाद घालून उपयोग नाही, म्हणून मी एकदा त्यांना त्यांच्याच देवघरातल्या तसबिरीकडे बोट करून विचारलं, “मग यांनी काय केलं होतं?” पाँडिचेरीच्या माताजींच्या शेजारी अरविंद. भाऊजी म्हणाले, “ती गोष्ट निराळी.” मी म्हटलं, निराळी आज वाटते, निकाल लागलाय म्हणून. ७ मे १९०८ ला आपण सगळे दांडिया बाजारात काय बोलत असू? जाधवांकडे राहायचा तो प्रोफेसर, बॉम्बच्या भानगडीत सापडला म्हणे, काहीतरी केलं असेलच. भाऊजी चहा संपवून पेपर घेऊन गच्चीत गेले.

भाच्याला पोलिसांकडून अजून तरी टोमण्यांपलीकडे काही झालेलं नाही. जेलच्या फाटकाशी एक जण हसत म्हणाला होता, “वकीलसाहेब, तमे आ लोकोना वकील छो के आ लोकोमांना?” या लोकांचे वकील, की या लोकांतलेच? त्यानेही हसून टाकलं. रात्री जेवताना मला सांगितलं, ताईला नाही. ताईचं म्हणणं, त्याने नोटरी व्हावं, दस्त नोंदणीची कामं घ्यावीत, बडोद्यात फ्लॅटांना काय तोटा आहे. तिचं चूक नाही. तिने गडलिंगांची बातमी वाचलेली नाही, पण कुठल्या कामाने मुलगा संध्याकाळी वेळेवर घरी येतो हे तिला बरोबर कळतं.

गेल्या महिन्यात गुजरातच्या पूर्व पट्ट्यातल्या एका जमिनीच्या आंदोलनात काही पोरं धरली गेली. त्यांचे पहिले वकील, भाच्याहून पंधरा वर्षांनी मोठे, त्यांनाच पोलिसांनी ‘विचारपूस करायला’ बोलावलं. एकदा, मग दुसऱ्यांदा, दोन्ही वेळा संध्याकाळपर्यंत बाकावर बसवून ठेवलं आणि काही न विचारता घरी पाठवलं. तिसऱ्या बोलावण्याआधी त्यांनी प्रकृतीचं कारण सांगून काम सोडलं. पोरांच्या घरचे दिवाळीपुऱ्याला कोर्टाच्या आवारात दारोदार फिरत होते, त्यांना कोणीतरी भाच्याचं नाव सांगितलं. त्याने मला विचारलं नाही, सांगितलं. मी त्याला दोनच गोष्टी म्हटल्या: एकटा जाऊ नकोस, सोबत आणखी कोणाची तरी सही घे; आणि जे जे होईल ते त्याच दिवशी तारखेसकट लिहून ठेव. त्याने एका सीनियर बाईंना तयार केलंय. मंगळवारी वकीलपत्र दाखल झालं, दोघांच्या सह्या आहेत, आणि कागद मराठी नसल्यामुळे यात मला काही काम नाही.

ताईला त्याने अजून सांगितलेलं नाही. ती माझं लिहिलेलं सगळं वाचते, तेव्हा आता कळेलच.